तीन मीटर चाळीस

पाचगणीच्या स्टँडवर एसटी थांबली आणि मामा सगळ्यांच्या आधी उतरला. खांद्यावर बाजरीच्या पिठाची पिशवी, हातात गुंडाळी केलेलं गेल्या वर्षीचं कॅलेंडर. मामी सगळ्यांच्या शेवटी उतरली. दोघांच्या मधे चौदा माणसं उतरली. मी मोजली.

"वेगवेगळे बसला होतात का रे?" मी विचारलं.

"तिला खिडकी पाह्यजे व्हती," मामा म्हणाला. "मला आपलं पाय पसरायला मधलं बाकडं बरं."

मामीनं माझ्या गालावरून दोन्ही हात फिरवले, स्वतःच्या कानशिलावर बोटं मोडली आणि म्हणाली, "वाळली गं तू. परतीची गाडी कधी असती?"

"मामी, अगं चहा तरी घे आधी."

"घेते ना. नुसतं विचारलं."

फाल्गुनाचे दिवस होते. आमच्या सिन्नरकडे एव्हाना उन्हाचा चटका सुरू झालेला असतो. इथे वर मात्र सकाळी स्वेटर लागत होतं आणि रस्त्याकडेचे पांगारे लालभडक फुलले होते. मामानं मान वर करून एक झाड नीट पाहिलं. "पानं न्हाईत आन् फुलं किती! याला पाणी कोण देतं रे बाबा?" असं झाडालाच विचारलं. मामी हसली नाही. पूर्वी ती मामाच्या असल्या बोलण्यावर पदर तोंडाला लावून हसायची.

मी तेव्हा चोवीस वर्षांची होते. वनस्पतिशास्त्रात एम. एस्सी. करून एका संशोधन प्रकल्पावर लागले होते. स्ट्रॉबेरीच्या पानांवर येणाऱ्या बुरशीचे नमुने गोळा करायचे, सूक्ष्मदर्शकाखाली बीजाणू मोजायचे, असं काम. एका बंगल्याच्या मागच्या बाजूला एक खोली, ओटा आणि व्हरांडा, एवढा माझा संसार. या दोघांना तिथे बोलवायचं, हे आईनं ठरवलं होतं.

"तीन दिवस आहेत तुझ्याकडे," ती फोनवर म्हणाली होती. "तुझ्या मामीनं तिच्या भावाच्या घरी सांगून टाकलंय, शेततळं बुजवल्याशिवाय सासरच्या घरात पाय ठेवणार नाही म्हणून. आणि निवृत्ती म्हणतो, तळं बुजवलं तर खायचं काय? तू शिकलेली आहेस, तुझं दोघं ऐकतात. काहीतरी कर, वृषाली. नाहीतर एक पोरगी गेली, तसं घरही जाईल."

मामाची शेती दोन एकर. विहीर होती, पण ती होळीनंतर कोरडी पडायची. पाच वर्षांपूर्वी त्यानं शेततळं खोदलं, त्यात काळं जाड प्लास्टिक अंथरलं. पावसाळ्यात विहिरीचं पाणी त्यात उपसून साठवायचं आणि उन्हाळ्यात पिकाला द्यायचं. त्या तळ्यावर घर उभं राहिलं. मामाची एकुलती एक मुलगी, सुवर्णा, बारावीनंतर नर्सिंगला गेली ती त्याच पाण्यावर. दिवाळीच्या सुट्टीत ती घरी आली होती. पंपाच्या पाइपाच्या तोंडात शेवाळ अडकलं, ते झटकायला गेली आणि प्लास्टिकवरून घसरली. सुवर्णाला पोहता येत होतं. विहिरीत मुलांच्या बरोबरीनं सूर मारायची ती. पण शेततळ्याच्या उतारावर ओलं प्लास्टिक साबणासारखं असतं. हाताला काही लागत नाही. नंतर त्या कोपऱ्यातल्या प्लास्टिकवर, पाण्याच्या पातळीच्या वर हातभर उंचीवर, ओरखडे दिसले. मी ते पाहिले आहेत.

महिन्याभरानं मामी माहेरी गेली आणि राहिली. मामानं पंप लावून तळं रिकामं केलं. आता ते तसंच, कोरडं पडलं होतं. पावसाआधी काय ते ठरायला हवं होतं.

चहा झाल्यावर मामानं कॅलेंडर जमिनीवर पसरलं. पाठीमागच्या कोऱ्या बाजूला निळ्या पेनानं सगळं शेत काढलं होतं. बांध, विहीर, गोठा, मधे तळ्याचा चौकोन. मामी ओट्यापाशी पाठमोरी उभी राहून मेथी निवडत होती.

"हे पाह्य," मामा माझ्याशी बोलत होता, पण आवाज ओट्यापर्यंत जाईल असा. "चारी बाजूंनी लोखंडी शिड्या. दर दीड फुटाला पायरी. भोवती माणसाच्या उंचीची जाळी, एकच फाटक, त्याला कुलूप. किल्ली एकच, ती घरातल्या बाईकडं. आन् पाइपाचं तोंड असं तरंगतं ठेवायचं, की शेवाळ काढायला कुणाला जवळ जायचीच गरज न्हाई. बाहेरून दोरीनं वढून घ्यायचं. कसं?"

"चांगलं आहे," मी म्हणाले. खरोखरच चांगलं होतं. शिड्यांचे कोनसुद्धा त्यानं विचार करून काढले होते.

"मग मिरगाला बाजरी इकडं. वीस गुंठे टोमॅटो. पाणी असलं तर दिवाळीपस्तोर तोडा चालतो. बांबू हायेत, तार हाये. बांधणीला आपण तिघं पुरे. एकानं बांबू धरायचा, एकानं तार ताणायची, एकानं सुतळी..."

तो थांबला. ओट्यावरचा मेथीच्या काड्या मोडल्याचा आवाजही थांबला. मामानं कागदावर लिहिलेल्या 'तिघं' या शब्दाकडे जरा वेळ पाहिलं. मग त्यावर पेनानं आडवी रेघ मारली. पेन कागदातून आरपार गेलं.

"मजूर लावू एखादा," तो म्हणाला आणि खोकला.

हे खोकणं नवीन होतं. मामा मामीला कधी नावानं हाक मारायचा नाही. आमच्याकडे जुन्या माणसांची रीतच तशी. बायकोला बोलवायचं तर मुलीच्या नावानं. "सुवर्णे!" अशी हाक आली, की आवाजावरून आईनं ओळखायचं आपल्याला आहे, का लेकीला. चुकून दोघी आल्या तर मामा म्हणायचा, "एक मागितली तर दोन आल्या, वर काही फुकट हाये का?" आता त्याच्याकडे मामीला बोलवायला शब्दच उरला नव्हता. तो खोकायचा. मामी मान न वळवता ऐकायची.

"चूक माझी व्हती," मामा कागदावर बोट ठेवून म्हणाला. "दोर मी सोडला. मक्याची वैरण बांधायला दुसरा मिळंना, म्हणून खुंटीचा सोडला आन् परत बांधायचा राह्यला. चार महिने सगळ्यांना सांगतोय. मग दुरुस्तबी मीच करीन का न्हाई? तूच सांग हिला."

शेततळ्याच्या एका कोपऱ्यात काठावरच्या लोखंडी खुंटीला गाठी मारलेला नायलॉनचा दोर बांधून आत सोडलेला असतो. कुणी पडलं, तर तो धरून वर यायचं. पडलेल्याला दुसरा उपाय नसतो. सुवर्णा पडली तेव्हा दोर खुंटीला नव्हता. तो गोठ्यात होता, वैरणीच्या भाऱ्याला बांधलेला.

"दूध बघते," म्हणून मी उठले. दूध अजून कोमटही झालं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांना आमच्या प्रकल्पावरचं स्ट्रॉबेरीचं शेत दाखवायला नेलं. मामा वाफ्याशी उकिडवा बसला, पान उलटून बघितलं, माती चिमटीत घेऊन वास घेतला.

"फळाखाली बिछाना घातलाय की रे याच्या," तो म्हणाला. "आमचा कांदा बिचारा जल्मभर मातीत. मोठ्या घरची पिकं ही."

वाफ्यांवर काळं प्लास्टिक होतं, फळाला माती लागू नये म्हणून. मामी शेताच्या तोंडाशीच उभी राहिली. एका बाईनं मूठभर फळं पुढे केली, तेव्हा तिला दोन वाफे ओलांडायला हवे होते. तिनं साडी वर धरून, पाय लांब टाकून, प्लास्टिकचा स्पर्श टाळत ते ओलांडले. फळं पदरात घेतली. खाल्ली नाहीत.

तिथून रिक्षानं टेबललँडवर गेलो. एवढं मोठं सपाट पठार बघून मामा खूश झाला.

"नांगर घातला तर वळायला नको, सरळ साताऱ्यात निघंल माणूस," तो म्हणाला.

घोडेवाला मागे लागला. "काका, चला, एक चक्कर. काकींना पण बसवा."

"घोड्याला विचार आधी," मामा म्हणाला. "त्याच्या तोंडावर दिसतंय, तो तयार न्हाई."

"तो असाच दिसतो, काका. जल्मापासून."

"मग आमचंबी तसंच हाये, भाऊ."

मामीच्या ओठांचा कोपरा किंचित हलला, असं मला वाटलं. मला वाटलं, होईल. आजचा आणि उद्याचा दिवस आहे. हवा थंड आहे, इथे कुणी ओळखत नाही, हळूहळू बोलतील. आम्ही एका दगडावर बसलो. मामा भाजलेलं कणीस आणायला गेला.

पठाराच्या त्या बाजूला एका खळग्यात घोड्यांसाठी सोडलेलं उथळ पाणी होतं. एक घोडा पाणी पीत होता. कडेला पाच-सहा वर्षांची एक मुलगी पिवळ्या फ्रॉकमध्ये वाकून पाण्यात खडे टाकत होती. तिचे आईवडील वीसेक पावलांवर फोटो काढत होते. मी त्या मुलीकडे बघत होते, म्हणून मामी कधी उठली ते मला कळलं नाही. मला ती एकदम पळताना दिसली. पन्नाशीची बाई, पायात चप्पल नाही. तिनं मुलीचा दंड धरला आणि तिला ओढत, जवळजवळ फरफटत, पाण्यापासून लांब आणलं. मुलगी किंचाळायला लागली.

"ओ बाई! काय करताय? सोडा तिला!" तिची आई धावत आली. "हात लाल केला पोरीचा!"

मामीनं हात सोडला नव्हता. "पाणी हाये तिथं," ती म्हणाली. "तुमचं लक्ष कुठं हाये? पाणी हाये तिथं."

"अहो, घोटाभर पण नाहीये ते! वेड्या आहात का?"

मामा धावत आला. त्यानं मामीची बोटं त्या मुलीच्या दंडावरून एकेक करून सोडवली. त्या बाईला हात जोडले, "माफ करा, ताई. बरं न्हाई तिला." मग मामीकडे वळून हलक्या आवाजात म्हणाला, "अगं, उथळ हाये ते. घोड्याचा खूरसुद्धा बुडत न्हाई."

मामीनं त्याच्याकडे पाहिलं. चार महिन्यांत पहिल्यांदा ती त्याच्याशी सरळ बोलली.

"तुम्हाला काय ठाऊक किती खोल हाये? मोजलं का? त्या दिवशी दोर सोडताना मोजलं व्हतं का, माझी पोर किती खाली जाईल ते?"

"न्हाई," मामा म्हणाला. "न्हाई मोजलं."

त्याच्या हातात अजून दोन कणसं होती. एक खाली पडलं.

"मी मोजलं होतं," मी म्हणाले.

दोघांनी माझ्याकडे पाहिलं. घोडेवालाही बघत होता, ती पिवळ्या फ्रॉकची मुलगी रडत होती, तिची आई तिचा दंड चोळत होती. मला वाटतं, मी ते खोलीत, दार लावून सांगितलं असतं तर बरं झालं असतं. पण खोलीत मी चार महिने सांगितलं नव्हतं.

"तीन मीटर चाळीस," मी म्हणाले. "दोर मामानं सोडला नाही. मी सोडला होता."

मामा आधी हसला. "काहीतरी बोलू नको, वृषे."

"नोकरीवर यायच्या आधी मी तुमच्याकडे दिवाळीला आले होते ना? मला बघायचं होतं, तळ्यातलं पाणी रोज किती उडून जातं. खोली मोजायला दोर हवा होता. त्या दोराला आधीच गाठी होत्या, म्हणून मला तो बरा वाटला. मी तो खुंटीचा सोडला, टोकाला दगड बांधला आणि पंप ठेवलेल्या फळीवरून आत सोडून तीन दिवस मोजलं."

"मग?" मामीनं विचारलं.

"त्यावर रंगानं खुणा करायच्या होत्या, दर दहा सेंटिमीटरला. ओल्या दोरावर रंग बसत नाही. म्हणून निंबावर वाळत टाकला."

"न्हाई," मामा म्हणाला. "मी खुंटीचा सोडला. मला याद हाये. गाठ वली व्हती, दातानं सोडवली मी."

"मामा, तू तो निंबावरून घेतलास. खुंटीला तो नव्हताच."

"दातानं सोडवली," तो पुन्हा म्हणाला. आपल्या दातांना त्यानं बोट लावून पाहिलं. "ही गाठ... नायलॉनची चव आली व्हती तोंडात."

मी त्याच्या डोळ्यांत बघितलं. तो मला वाचवायला खोटं बोलत नव्हता. त्याला ते आठवत होतं. चार महिने तो रोज ते सांगत होता, तेराव्याला आलेल्या माणसांना, सोयऱ्यांना, रात्री अंथरुणावर स्वतःला. सांगून सांगून त्यानं ती ओली गाठ घडवली होती. त्यानं दोर वैरणीला बांधला एवढंच खरं होतं. बाकीचं त्यानं स्वतः भरून काढलं होतं.

आम्ही रिक्षानं परत आलो. खोलीत शिरल्यावर मामी म्हणाली, "तुझ्याकडं लिहिलेलं असंल. तू सगळं लिहिती."

मी वही काढून दिली. मामी सातवीपर्यंत शिकलेली. ती दारातल्या उजेडात बसली आणि बोट ठेवून, ओठ हलवत वाचू लागली. तीन ओळी होत्या. तीन नोव्हेंबर, तीन मीटर चाळीस. चार नोव्हेंबर, तीन मीटर चाळीस. पाच नोव्हेंबर, दुपारी बारा चाळीस, तीन मीटर चाळीस, दोर निंबावर वाळत, खुणा करणे.

"तिन्ही दिवस येकच आकडा?" तिनं विचारलं.

"हो."

"मंग कळलं काय तुला?"

"काही नाही. पाणी रोज जेमतेम अर्धा सेंटिमीटर उडतं. दोरानं ते मोजताच येत नाही. मला हे आधीच कळायला हवं होतं."

मामीनं ते ऐकून मान हलवली, जणू मी तिला भाजीत मीठ किती ते सांगितलं. "बारा चाळीसला मोजलं. मंग जेवायला आली तू. पिठलं व्हतं त्या दिवशी. सुवर्णानं केलं व्हतं, जरा खारट झालं व्हतं. तू म्हणली, चांगलं झालंय."

"हो."

"जीप कधी आली तुझी?"

"तीनला यायची होती. दोनलाच आली. शेजारचे माधव आप्पा सिन्नरला निघाले होते, त्यांनीच हाक मारली."

"आन् दोर?"

"राहिला."

"फोन का न्हाई केला? इथं पोचल्यावर?"

त्या प्रश्नावर माझ्याजवळ उत्तर होतं आणि ते सांगण्यासारखं नव्हतं. मला दोर आठवलाच नाही. नवी खोली, नवी नोकरी, सूक्ष्मदर्शक. नऊ तारखेला आईचा फोन येईपर्यंत एकदाही आठवला नाही.

"विसरले," मी म्हणाले.

मामा व्हरांड्यात उभा होता. तो आत न येता तिथूनच म्हणाला, "तिला कशाला विचारती? पोर हाये ती. मी घरचा माणूस. खुंटीवर दोर हाये का न्हाई, ते रोज बघायचं काम कुणाचं? माझं."

मामीनं वही मिटली. तिनं वहीच्या पुठ्ठ्यावर तळवा ठेवला. मला वाटलं, आता ती मला काहीतरी बोलेल, मारेल. मी वाट बघत होते. मला ते हवंच होतं, हे आज कबूल करते.

"सुवर्णाच्या दहाव्यापासून," ती म्हणाली, "मी यांना वाढलं न्हाई गं. ताट भरून सरकवायचे, कुत्र्याला सरकवतात तसं. पाणी दिलं न्हाई. अंगात ताप व्हता तेव्हा कपाळाला हात लावला न्हाई. महिनाभर. मंग निघून गेले." ती उठली. "पीठ कुठं ठेवलं तू?"

तिनं भाकरी केल्या. मामाला आत बोलवायचं होतं, पण तिच्याकडेही शब्द नव्हता. ती दारापर्यंत गेली आणि त्याच्या बाहीला धरून त्याला आत आणलं. पाटावर बसवलं, ताट समोर ठेवलं, भाकरी मोडून त्यावर तूप सोडलं. मामा जेवला नाही. भाकरीचा तुकडा हातात धरून तो बसून राहिला आणि नंतर कधीतरी त्याच्या खांद्यांना कापरं भरलं. मामी त्याच्या शेजारी बसली, पुढे नाही. मी बाहेर व्हरांड्यात आले. तिथून मला त्या दोघांची फक्त पाठ दिसत होती.

त्यांचा तिसरा दिवस झाला नाही. सकाळी साडेसातच्या गाडीनं ते निघाले. स्टँडवर मामानं मला दोन्ही हातांनी जवळ घेतलं. आमच्यात भाचीला मामाच्या पाया पडू देत नाहीत, उलट मामाच भाचीच्या पाया पडतो. त्यानं तेही केलं. भर स्टँडवर वाकला. मी पाय मागे घेतले, पण त्याआधी त्याचा हात लागला होता.

मामी खिडकीशी बसली. मी खाली उभी होते. तिनं खिडकीतून हात काढून माझा हात धरला.

"वृषाली, तू आता घरी येऊ नको," ती म्हणाली. "राग न्हाई माझा. पण तू दारात दिसली, की मला बारा चाळीस दिसंल. मी सांगीन तेव्हा ये."

"आणि तळं?" मी विचारलं. हा प्रश्न तेव्हा विचारायचा नव्हता, पण आईनं मला त्यासाठीच तर...

मामीनं शेजारी पाहिलं. मामा तिच्या बाजूला बसला होता, गुडघ्यांवर कॅलेंडरची गुंडाळी. "शिड्या आधी बसू द्या," ती म्हणाली. "मी स्वतः उतरून बघीन. मंग पाणी."

तीन वर्षांनी तिचा निरोप आला. आईनं सांगितलं, "म्हणते, वृषालीला आण."

आम्ही गेलो तेव्हा तळ्यावर माणसं होती. कृषी खात्याचे दोन अधिकारी आणि शेजारच्या गावांतले दहा-बारा शेतकरी. सुरक्षित शेततळं कसं असावं, ते बघायला मामाकडे आता माणसं यायची. चारी बाजूंना शिड्या, भोवती जाळी, फाटकाला कुलूप, किल्ली मामीच्या कमरेला. मामा थकला होता, केस सगळे पांढरे झाले होते. तो हातवारे करत समजावून सांगत होता.

"आधी हे असं काही नव्हतं," तो म्हणाला. "नुसता एक दोर व्हता खुंटीला. तोबी माझ्या हातनं सुटला. वैरण बांधायची व्हती. गाठ वली व्हती, दातानं सोडवली. परत बांधायची राह्यली. चार दिसांनी पोर गेली माझी. तुम्ही अशी चूक करू नका."

माणसं खाली बघत होती. मी जाळीच्या बाहेर उभी होते. माझ्या तोंडात शब्द आले. मी एक पाऊल पुढे टाकलं.

मामी चहाचं ताट घेऊन फिरत होती. एका म्हाताऱ्या शेतकऱ्यानं कप उचलताना तिला हळूच विचारलं, "खरंच का हो वहिनी? मालकाच्याच हातनं?"

मामीनं माझ्याकडे पाहिलं. नजर हटवली नाही.

"हो," ती म्हणाली. "यांच्याच हातनं."

मग ती ताट घेऊन माझ्यापाशी आली. एकच कप उरला होता. तिनं तो उचलून माझ्या हातात दिला, माझी बोटं त्याभोवती दाबून धरली आणि म्हणाली, "साखर कमी घातलीय तुझ्यात. पी."